न वाजवलेला हॉर्न

चर्चच्या गाडीवर बावीस वर्षं ड्रायव्हर असलेल्या या माणसाला सगळे 'सावकाश' म्हणत. म्हातारी माणसं गाडीत चढायला लागली की तो खाली उतरून त्यांच्या पायाशी प्लास्टिकचं स्टूल ठेवायचा, कोपराला हात द्यायचा आणि म्हणायचा, "सावकाश, सावकाश, गाडी कुठं पळून जात नाही." हे इतक्या वेळा म्हणून झालं की त्याचं खरं नाव फक्त त्याच्या बायकोच्या आणि हजेरीपटाच्याच लक्षात राहिलं.

गाडी चौदा जणांची होती, पांढरी. तिचं सरकतं दार शेवटच्या वीतभर अंतरात अडायचं, तिथे कमरेचा धक्का द्यावा लागे. दर रविवारी सकाळी तो अकरा घरं फिरून म्हाताऱ्यांना उपासनेला आणायचा आणि परत सोडायचा. मधल्या दिवसांत दवाखाना, चष्म्याचं दुकान, कधी एखादी अंत्ययात्रा. नाकासमोर चालणारा माणूस. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

त्या अकरा घरांतलं तिसरं घर बाईंचं. बाई म्हणजे भूमितीच्या बाई. छत्तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या, वय एक्याऐंशी, एकट्या राहणाऱ्या. सावकाश स्वतः त्यांच्या हाताखालून गेला होता, त्यामुळे त्याचं पोट सुटलं, केस पिकले तरी बाई त्याला 'अरे तुरे'च करत. गाडीत त्यांची जागा ठरलेली होती, पुढे, ड्रायव्हरशेजारी. तिथे बसून त्या रस्त्यावरच्या प्रत्येक चुकीच्या वळणावर शेरा मारायच्या.

आता निवडणुकीचं सांगायला हवं. या चर्चला निवडणुकीचा एकदा चांगलाच चटका बसला होता. आधीच्या पाळकांनी एका रविवारी प्रवचनाच्या ओघात 'आपल्या माणसाला विसरू नका' असं म्हटलं होतं. नाव घेतलं नव्हतं, पण कुणाचं ते सगळ्यांना माहीत होतं. धर्मादाय संस्थांच्या नोंदणी कार्यालयाची नोटीस आली. चर्चचा दवाखाना आणि वृद्धांचं दिवसाचं केंद्र त्याच नोंदणीवर चालत होतं, ते दोन्ही बंद पडायची वेळ आली होती. म्हणून नवे पाळक ताकही फुंकून पीत. त्यांनी अकरा कलमांचा एक कागद टाइप करून ऑफिसच्या दाराशी लावला होता. व्यासपीठावरून कुणाही उमेदवाराची बाजू घ्यायची नाही. सभागृह कोणत्याही पक्षाला द्यायचं नाही. पाळकांनी नागरिक म्हणून मत जरूर द्यावं, पण झगा घालून कुणाच्या मंचावर बसू नये. नववं कलम गाडीचं होतं. मतदानाला लोकांना नेता येईल, पण जो मागेल त्या प्रत्येकाला न्यायचं, कुणाला मत देणार हे विचारायचं नाही आणि गाडीवर कुणाचं पत्रक चिकटवायचं नाही. नवव्या कलमाखाली सावकाशची सही होती.

पाळकसाहेब इतके काटेकोर की चर्चच्या कारभारी मंडळातल्या एका पंचांनी 'आपल्या उमेदवारासाठी प्रार्थना करा' म्हणून गळ घातली, तेव्हा त्यांनी पाचही उमेदवारांसाठी प्रार्थना केली आणि शेवटी हरणाऱ्या चौघांना धीर दे, असंही मागितलं. पंच आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाहीत.

त्या पाच उमेदवारांतला एक सावकाशचा जावई होता.

जावई वाईट नव्हता. नुसताच उंडारलेला. तीन धंदे काढून तीन बुडवलेले, आणि लेक बिचारी शिवणकाम करून घर रेटत होती. नगरपालिकेच्या वॉर्डातून उभं राहायचं त्याच्या डोक्यात आलं आणि काय झालं कोण जाणे, माणूस सकाळी सहाला उठायला लागला. दारोदार जायला लागला. गटारांची मापं घेऊन वहीत लिहायला लागला. लेक आईला म्हणाली होती की लग्नाला नऊ वर्षं झाली, पण नवरा रात्री थकून झोपतोय हे ती पहिल्यांदा बघतेय. सावकाशने ते ऐकलं आणि त्याच्या मनात काहीतरी घट्ट बसलं.

पाळकांनी त्याला ऑफिसात बोलावून हळूच विचारलं होतं की मतदानाच्या दिवसापुरता दुसरा ड्रायव्हर बघू का. सावकाशला ते लागलं. तो म्हणाला, "साहेब, बावीस वर्षांत मी कुणाला मागे सोडून आलोय का?" पाळकांनाच ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

मतदानाच्या आधीच्या रविवारी गाडीत विषय निघाला. मागच्या बाकावरच्या आजींनी जावयाचं कौतुक चालवलं होतं, सावकाशला बरं वाटावं म्हणूनही असेल. बाई पुढून म्हणाल्या, "तो? नववीत माझ्या वर्गात बाटलीचं झाकण ठेवून वर्तुळ काढायचा. कंपास पिशवीत असायचा, पण काढायचा कंटाळा. तो रस्ता आखणार म्हणजे कसा, ते मला आत्ताच दिसतंय." गाडी हसली. चौदा जणांची गाडी एकदम हसली की आरसा हलतो. सावकाशही हसला, हसावंच लागलं. दोन दिवसांत वॉर्डात जावयाचं नाव 'झाकण' पडलं. कुणीतरी लेकीला शिवणाच्या दुकानात विचारलं, "झाकणराव आहेत का घरी?" ती माहेरी येऊन आईच्या पदराआड रडली, आणि सावकाश बाहेरच्या खोलीत बूट काढता काढता तसाच बसून राहिला.

मतदानाच्या दिवशी यादीत एकोणीस नावं होती. तीन फेऱ्या. पहिली फेरी बिनबोभाट झाली. मतदान केंद्राच्या शंभर पावलांवर जावयाचं टेबल होतं, तिथे लेक मतदारयादी उघडून बसलेली. तिने बापाकडे पाहून हात केला नाही, कारण करायचा नाही हे तिलाही माहीत होतं. नुसतं पाहिलं. त्याने दार कमरेने लोटलं आणि दुसऱ्या फेरीला निघाला.

दुसऱ्या फेरीतलं पहिलं घर बाईंचं होतं. गाडी रिकामी होती. घड्याळात नऊ चाळीस झाले होते.

बाईंची गल्ली अरुंद. गाडी तोंडाशी थांबवून हॉर्न द्यायचा, मग उतरून त्यांना आणायला जायचं, अशी रीत. तो तोंडाशी आला. तिथून त्यांचा ओटा दिसत होता. बाई खुर्चीत बसल्या होत्या, इस्त्रीच्या कपड्यांत, मांडीवर पर्स, हातात ओळखपत्र. मनगटावरच्या घड्याळात बघत होत्या. त्यांची मान खाली होती.

त्याने काही ठरवलं नव्हतं. हे त्याने पुढे प्रत्येकाला सांगितलं आणि ते खरंच होतं. पण हात हॉर्नवर गेला नाही, पाय ब्रेकवर गेला नाही, आणि गाडी गल्लीचं तोंड ओलांडून पुढे गेली. पुढच्या चौकात लाल दिव्याला थांबल्यावर त्याला कळलं की आपण काय केलं. दिवा हिरवा झाला. वळून परत जायला तिथे जागा होती. तो सरळ गेला.

पुढच्या घरातल्या आजोबांनी चढताच विचारलं, "आज बाई कुठायत?" त्याच्या तोंडून निघून गेलं, "हॉर्न दिला, आल्याच नाहीत." एकदा तोंडातून गेलं की माणूस त्याच्या मागे मागे जातो. फेरीच्या कागदावरही त्याने बाईंच्या नावापुढे तेच लिहिलं. दुपारी बाईंचा ऑफिसात फोन आला. क्लार्कने सावकाशला विचारलं, तेव्हा एका हॉर्नचे दोन झाले. "दोनदा दिला," तो म्हणाला. क्लार्क म्हणाला, अजून वेळ आहे, तिसऱ्या फेरीत घ्या त्यांना. तेवढ्यात फोनवर बाई स्वतःच म्हणाल्या की राहू द्या, गाडीला उलटी फेरी पडेल, चूक माझी आहे. मतदान केंद्र त्यांच्या घरापासून दीड मैलावर, चढावर होतं. चालत जाणं त्यांना शक्य नव्हतं.

जावई एकशे छत्तीस मतांनी निवडून आला. लेकीने बापाच्या गळ्यात पडून आनंद केला. सावकाश मनात म्हणाला, एकशे छत्तीस. एका मताने काय झालं असतं? तो हा हिशोब स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत राहिला, आणि ज्या अर्थी पुन्हा पुन्हा सांगावा लागत होता, त्या अर्थी तो कुठेतरी पटत नव्हता.

हरलेल्या उमेदवाराने तक्रार केली. चर्चची गाडी, आणि ड्रायव्हर उमेदवाराचा सासरा. नोंदणी कार्यालयाचं पत्र आलं. पाळकांनी फेरीचा कागद समोर ठेवून उत्तर लिहिलं की एकोणीसपैकी अठरा जणांना नेलं, एका बाईंना दोनदा हॉर्न देऊनही त्या बाहेर आल्या नाहीत, कुणालाही डावललेलं नाही. खाली सही, शिक्का. टपालात टाकायला ते पाकीट त्यांनी सावकाशच्याच हातात दिलं. त्याने ते टाकलं. पेटीच्या तोंडात हात जरा अडखळला, इतकंच.

खरी शिक्षा सुरू झाली ती पुढच्या रविवारी. बाई गल्लीच्या तोंडाशी आधीच येऊन उभ्या होत्या, काठी टेकून, उन्हात. नेहमीच्या वेळेच्या वीस मिनिटं आधी. गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुला ताटकळत ठेवलं. माफ कर हं."

त्याचे हात स्टिअरिंगवर होते. तो म्हणाला, "चालायचंच, बाई."

हे दोन शब्द त्याला पुढे कधीही गिळता आले नाहीत.

दरम्यान बाईंच्या भाचीने पुन्हा आग्रह धरला होता. भाची दुसऱ्या गावात, तिसऱ्या मजल्यावर राहणारी, बँकेत नोकरी करणारी, कामात बुडालेली. मावशीवर तिचा जीव होता. मावशीने वर्षापूर्वी एकदा गॅस चालू ठेवला होता, तेव्हापासून ती मागे लागली होती की माझ्याकडे ये. बाईंनी दाद दिली नव्हती. आता बाईच नरमल्या. "मी जागी होते, असं मला वाटतंय," त्या फोनवर म्हणाल्या, "पण तो तर दोनदा हॉर्न दिला म्हणतो. तो खोटं कशाला बोलेल?" भाचीने सावकाशला फोन करून हे सगळं सांगितलं आणि वर म्हणाली, "काका, तुम्ही लक्ष ठेवता म्हणून बरं आहे."

एका रविवारी बाईंना चष्मा आणायचा राहिला म्हणून तो त्यांच्या घरात गेला. घरभर चिठ्ठ्या होत्या. दुधाच्या पातेल्याशेजारी 'आज दूध आलं, घेतलं.' दाराच्या आतल्या बाजूला 'कुलूप लावल्यावर ओढून बघणे.' औषधांच्या डबीवर वेळा, आणि प्रत्येक वेळेपुढे बरोबरची खूण. सगळं त्याच टोकदार, सरळ अक्षरात, ज्या अक्षरात त्या फळ्यावर 'सिद्ध करा' लिहायच्या. टेलिफोनच्या वर एक चिठ्ठी होती: 'हॉर्न ऐकू येतो की नाही, तपासून घेणे.' चष्मा समोर टेबलावरच होता. तो सापडायला त्याला बराच वेळ लागला.

त्या रात्री जेवताना त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती ताटात बघत ऐकत राहिली. मग म्हणाली की आता बोलून कुणाचं भलं होणार? पोरीचा संसार आत्ता कुठे उभा राहतोय, जावयाच्या नावाला बट्टा लागेल, चर्चच्या मागे पुन्हा नोटीस, आणि तुमची नोकरी. बाई काय, आज ना उद्या भाचीकडे जाणारच होत्या. बोलणं चुकीचं नव्हतं. पण भांडी घासता घासता ती पुन्हा म्हणाली, "मला सांगितलंत कशाला? आता मलाही झोप नाही."

जावयाने एकदाही त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं, हेही इथे सांगायला हवं. असली गोष्ट त्याला सुचलीही नसती.

महिना होत आला तेव्हा भाचीने कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली आणि न्यायला गाडी मागितली. सावकाश बाईंना घेऊन गेला. बाहेरच्या बाकावर बसून राहिला. काचेच्या खोलीत बाई कानांवर ते मोठे हेडफोन लावून बसल्या होत्या आणि आवाज आला की बोट वर करत होत्या. वर्गात उत्तर येत असलेल्या मुलीसारखं, लगेच, ताठ. बोट प्रत्येक वेळी वर जात होतं.

बाहेर येऊन त्या गाडीत बसल्या. गाडी सुरू झाली, बाजार मागे पडला, तेव्हा म्हणाल्या, "कान उत्तम आहेत म्हणे. या वयात असे कान त्याने पाहिले नाहीत." मग खिडकीबाहेर बघत, "म्हणजे कान नाही. डोकंच गेलं. पुढच्या आठवड्यात डोक्याच्या डॉक्टरकडे."

सावकाशने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. एका बंद कारखान्याची लांबच लांब भिंत होती तिथे. इंजिन बंद केलं.

"बाई, मी आलोच नव्हतो."

"कुठे?"

"मतदानाच्या दिवशी. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि तसाच पुढे गेलो. हॉर्न दिलाच नाही. एकदाही."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. समोरच्या काचेतून बघत त्यांनी विचारलं, "किती वाजता?"

"नऊ चाळीस."

"मी कुठे होते?"

"ओट्यावर. खुर्चीत."

"जागी होते?"

"घड्याळात बघत होतात."

बाईंनी पर्स उघडली, बंद केली. रागाने की सुटकेने, ते त्याला कळलं नाही. बहुधा दोन्हीने. मग त्या म्हणाल्या, "माझं मत गेलं, ते गेलं. तुझ्या जावयाला एका मताने पाडलं नसतं. पण महिनाभर मी माझ्याच घरात घाबरून राहिले रे. रात्री उठून चिठ्ठ्या वाचायचे. आणि तू दर रविवारी मला हात देऊन गाडीत चढवत होतास."

त्याने मान खाली घातली. माफी मागायला तोंड उघडलं, तर बाई म्हणाल्या, "आत्ता नको. गाडी पाळकांकडे घे."

पाळकसाहेब ऑफिसात एकटेच होते. बाई बाहेर बसल्या, सावकाश आत गेला. पाळकांनी सगळं ऐकून घेतलं. रागावतील असं त्याला वाटलं होतं, आणि रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते उठले, दाराशी लावलेला तो कागद काढून आणला आणि नववं कलम वाचत बसले. "तुमच्याऐवजी दुसरा ड्रायव्हर ठेवायला हवा हे मला तेव्हाच कळत होतं," ते म्हणाले. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी गप्प बसलो. आणि मग न बघितलेल्या गोष्टीवर सही केली." त्यांनी त्याला जे घडलं ते स्वतःच्या हाताने लिहायला सांगितलं. ते लिहायला त्याला तासभर लागला. पत्राची पानं दोनच झाली.

दुसऱ्या दिवशी पाळक स्वतः नोंदणी कार्यालयात गेले आणि आपलं आधीचं उत्तर मागे घेतलं. पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर, झगा उतरवून, खाली उभं राहून त्यांनी लोकांना सांगितलं की चर्चच्या गाडीने एका व्यक्तीला जाणूनबुजून मागे ठेवलं आणि त्यावर खोटं उत्तर गेलं, त्या उत्तरावर सही माझी आहे. सावकाश शेवटच्या रांगेत उभा होता. कुणी मागे वळून पाहिलं नाही. न वळलेल्या त्या शंभर माना तो पुढे कितीतरी दिवस बघत राहिला.

कार्यालयाने चर्चला लेखी ताकीद दिली आणि निवडणुकीच्या दिवशी गाडी बाहेर काढायची नाही असा आदेश दिला. त्यामुळे पुढच्या वेळी इतर अठरा जणांचीही सोय गेली. त्यातल्या दोघांनी हे सावकाशला बोलून दाखवलं. निकाल मात्र बदलला नाही. काही पंचांना त्याला कामावरून काढायचं होतं. पाळकांनी सहा महिने गाडीवरून उतरवलं आणि त्या काळात आवाराची झाडलोट दिली. त्या महिन्यांत गाडी दुसराच कुणी चालवायचा आणि तिचं दार कुणाला बंद करता यायचं नाही. सावकाश झाडू हातात धरून ते बघायचा, पण पुढे होऊन सांगायचा नाही.

जावई घरी आला होता. आरडाओरडा केला नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "मी एकशे छत्तीसने आलो, बाबा. आता प्रत्येक जण म्हणतो, सासऱ्याने निवडून आणला. मी गटारांची मापं घेत फिरलो ते गेलं कुठे?" लेक चार महिने माहेरी आली नाही. आली तेव्हा तिने तो विषय काढला नाही, त्यानेही काढला नाही, आणि आजही तो त्यांच्यात तसाच आहे, पाहुण्यासारखा, कोपऱ्यात बसलेला.

बाई भाचीकडे गेल्या नाहीत. भाचीने खूप समजावलं की हॉर्न वाजला नव्हता तरी वय तर झालंच आहे. बाई म्हणाल्या की वय झाल्यावर जाईन, भीतीने जाणार नाही. चिठ्ठ्या त्यांनी काढून टाकल्या, औषधाच्या डबीवरची तेवढी ठेवली. सहा महिन्यांनी सावकाश पुन्हा गाडीवर आला तेव्हा बाई चढल्या, त्याने स्टूल ठेवलं, त्यांनी त्याचा हात घेतला, आणि पुढची जागा रिकामी असताना मागे जाऊन बसल्या. वळणांवर शेरे आले नाहीत. पहिल्या रविवारी त्याला वाटलं, राग आहे, जाईल. मग वाटेनासं झालं.

दोन वर्षांनी बाईंचा गुडघा पार गेला आणि त्यांनी स्वतःच भाचीला फोन केला. सामान मोजकं होतं. पाळकांनी गाडी दिली. साडेतीन तासांचा रस्ता. बाई मधल्या बाकावर बसून होत्या, सावकाश आरशातून मधूनमधून बघत होता. इतक्या दिवसांत त्याने माफी मागितली नव्हती, कारण त्यांनी 'आत्ता नको' म्हटलं होतं आणि मग 'आता माग' असं कधी म्हटलं नव्हतं. त्या रस्त्यावर एका ठिकाणी, पुलाच्या अलीकडे, त्याने विचारलं, "बाई, बोलू का?"

"काय बोलायचंय ते मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "तू बोललास तर मला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. आणि मला खोटं उत्तर द्यायचं नाही. गाडी चालव."

त्याने गाडी चालवली. भाचीच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. तिसऱ्या मजल्यापर्यंत त्याने त्यांचं कोपर धरलं, प्रत्येक वळणावर थांबले, एका वळणावर बाईंनी भिंतीला टेकून बराच वेळ श्वास घेतला. वर पोचल्यावर भाचीने चहाचा आग्रह केला. त्याने तो उभ्याउभ्या घेतला. खोके आत ठेवले, दोनदा खाली-वर केलं, त्यातच खाली राहिलेलं स्टूल गाडीत टाकलं.

निघताना बाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी त्याला रस्ता सांगितला, कुठल्या चौकात डावीकडे वळायचं, कुठे एकेरी वाहतूक आहे, अगदी बारकाईने. तो ऐकत उभा राहिला. त्याला तो रस्ता येताना कळला होता, तरी त्याने सगळं ऐकून घेतलं, मग जिना उतरला.